न टोचणारं शिंग

"बाई, युनिकॉर्न नावाचा प्राणी जर कधी नव्हताच, तर त्याचं शिंग तुमच्याकडे कुठून आलं?"

प्रश्न मी विचारला. म्हणजे तोंड माझं होतं, प्रश्न भोंगा आणि चिमटी या माझ्या दोन मैत्रिणींचा. शाळेची सहल संग्रहालयात गेली होती. काचेच्या उंच पेटीत माझ्याहून लांब, पीळ घातल्यासारखं एक पांढरं शिंग उभं होतं आणि खाली पाटीवर लिहिलं होतं, 'युनिकॉर्नचे शिंग'. भोंगा माझ्या कानात म्हणाली, "विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन." भोंगा कानात बोलली तरी शेजारच्या दोन दालनांना ऐकू जातं. चिमटीने नुसताच चिमटा काढला. ती बोलण्यात वेळ घालवत नाही.

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' हेसुद्धा इतकं हळू म्हणायचे की सरांनी मला दोनदा गैरहजर लावलं होतं, मी पहिल्या बाकावर बसलेली असताना. दहावीत आले आणि काय झालं कोण जाणे, गळ्यातलं बूच निघालं. आई म्हणते, शिंगं फुटलीत मला. असोत. तर मी हात वर केला आणि विचारलं.

संग्रहालयाच्या बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "अगं, सतरा वर्षं मी वाट बघतेय हे कुणीतरी विचारेल म्हणून. पाटी पूर्ण वाच."

पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'असे समजून विकलेला नारव्हाल या देवमाशाचा दात.'

"दात?" भोंगा ओरडली.

"दात. थंड समुद्रातला देवमासा. वरचा ओठ फोडून त्याचा एक दात असा सरळ बाहेर वाढतो. तो आणून लोकांनी राजेरजवाड्यांना विकला. म्हणे याच्या पेल्यातून प्यायलं की विष बाधत नाही. आपल्याकडे सशाचं शिंग म्हणतात ना, जे नसतंच ते? इथे ते चक्क विकलं गेलं, आणि सोन्याहून महाग."

पैज जिंकली होती. मी गप्प बसायला हरकत नव्हती. पण पुढचा प्रश्न माझा स्वतःचा निघाला. "मग हा पांढरा घोडा कधीपासून झाला?"

"घोडा? तो तर परवापरवा. आधी तो गाढव होता."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाई थांबल्या नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक वैद्याने, स्वतः काहीही न बघता, ऐकीव माहितीवर लिहून ठेवलं होतं: दूर पूर्वेला एक रानगाढव असतं, अंग पांढरं, डोकं गडद लाल, डोळे निळे, आणि शिंग तीन रंगांचं. बुडाशी पांढरं, मधे काळं, टोकाला लाल. पुढे तोच बकऱ्याएवढा झाला, त्याला दाढी आली, खूर दुभंगले. कुठल्याही शिकाऱ्याला सापडेना, फक्त एखाद्या मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायला लागला. मग एक प्रवासी खरोखरच पूर्वेला गेला, त्याने एकशिंगी गेंडा पाहिला आणि तो इतका खट्टू झाला की लिहून ठेवलं, हा तर कुरूप आहे, चिखलात लोळतो, मुलीच्या मांडीवर कसला झोपतोय!

"आणि माझ्या कंपासपेटीवरचा? गुलाबी?" चिमटीने विचारलं. तिला राहवलं नाही.

"तो त्या सगळ्यांचा शेंडेफळ पणतू," बाई म्हणाल्या. "बघा, गाय कशी असते ते सगळ्यांना ठाऊक असतं. चुकीची काढली तर शेंबडं पोरही पकडतं. हा कुणी पाहिलाच नव्हता. त्यामुळे ज्याला जसा हवा होता तसा त्याने तो करून घेतला."

ते वाक्य डोक्यात घेऊनच मी घरी आले. त्याला कारण होतं. आमच्या शेडमध्ये त्या वेळी सहा युनिकॉर्न जन्माला यायचे होते.

माझे आईबाबा बागेतल्या मेरी-गो-राउंडची जनावरं करतात. घराच्या मागे पत्र्याची लांब शेड आहे. तिथे बाबा साच्यात फायबर आणि राळ भरतात, दोन अर्धी अंगं काढतात, जोडतात, कानशीने घासतात. रंग आईचा. शेडमध्ये राळेचा असा वास असतो की माझ्या वह्यांनाही तो येतो. बाबांकडे घोड्याचा एकच साचा आहे आणि त्यांचा त्यावर फार जीव आहे. पट्टे मारले की तो झेब्रा होतो, ठिपके दिले की सर्कशीतला घोडा. या खेपेला एका मोठ्या बागेने पत्र पाठवलं होतं, सहा युनिकॉर्न हवेत. बाबा म्हणाले, घोड्याच्या कपाळावर आइस्क्रीमच्या कोनाएवढा सुळका बसवला की झालं.

"बाबा, त्याला शिंग नाही म्हणत. त्याला कोन म्हणतात," मी म्हणाले, आणि अर्धा तास देवमाशाच्या दातावर भाषण दिलं.

बाबांनी कानस खाली ठेवली. "मग तूच कर की, राणीसरकार. शिंगाचा साचा तुझा."

आणि त्यांनी मला शेडची दुसरी किल्ली दिली. माझी स्वतःची. मी ती गळ्यात घालून झोपले, आता हसायचं तर हसा.

शिंग मी हातभर लांब केलं. पीळदार, पांढरंशुभ्र, टोकाला सुईसारखं. सहाही शिंगं साच्यातून एकही न मोडता निघाली. बाबांनी ती कपाळात पक्की बसवली आणि अंगणात तपासणीचं फिरतं चक्र जोडलं, तेव्हा भोंगा आणि चिमटी कुंपणावर चढून शिट्ट्या वाजवत होत्या.

आमच्याकडे तपासायची एक रीत आहे. जनावर तयार झालं की आई त्याच्यावर बसते, डोळे मिटते आणि दोन्ही हात सगळीकडे फिरवते, कानांवरून, लगामावरून, खोगिराखालून. हात जिथे अडखळेल तिथे बाबा पुन्हा घासतात. असं दोनदा. "बसणाऱ्याला काही लागता कामा नये," हे बाबांचं वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. माझ्या शिंगांवर आईचा हात एकदाही अडखळला नाही. टोकापर्यंत तो पोचतच नव्हता ना.

शनिवारी बागेकडून तपासनीस काका आले. बारीक अंगाचे, खिशात टेप, हातात वही. बाबांनी चक्र चालू केलं आणि म्हणाले, "बसून बघा."

काका बसले नाहीत. ते चक्राच्या कडेला गेले आणि चक्क गुडघ्यांवर उभे राहिले. मग त्यांनी वहीचं एक पान आपल्या चेहऱ्याच्या शेजारी, डोळ्याच्या उंचीवर धरलं. पहिला युनिकॉर्न वर गेला, खाली आला, वळला, आणि त्याचं शिंग पानातून आरपार गेलं.

टर्र असा आवाज झाला. एवढाच.

"मूल सगळा वेळ बसलेलं नसतं," काका उठून पँट झटकत म्हणाले. "आधी ते इथे उभं असतं. आपली पाळी कधी येते ते वाकून वाकून बघत."

मला भूमितीच्या पुस्तकातलं पान डोळ्यांपुढे दिसलं. जनावर वर्तुळात फिरतं. शिंग सरळ पुढे जातं. म्हणजे स्पर्शिका. स्पर्शिका वर्तुळाबाहेर जाते हे मला तोंडपाठ होतं, त्यावर मला पाचपैकी पाच होते. आणि इतकी वर्षं जनावरं करणाऱ्या आमच्या घरात कुणीच कधी जनावराच्या शेजारी उभं राहून पाहिलं नव्हतं. आम्ही फक्त वर बसायचो.

बाबा म्हणाले, "शिंगं कापून टाकतो. आत्ता. घोडे घेऊन जा."

"पत्रात सहा युनिकॉर्न आहेत," काका म्हणाले. "घोडे हवे असते तर घोडेच मागितले असते ना. मी पुढच्या शनिवारी येतो. तोवर जमलं तर ठीक. नाहीतर काम दुसरीकडे द्यावं लागेल."

ते गेल्यावर बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फाटलेल्या पानाकडे बघत राहिले. काकांनी ते तिथेच ठेवलं होतं. मग म्हणाले, "चूक माझी. दहावीतल्या पोरीच्या हातात काम दिलं. तू आता अभ्यास कर. शेडमध्ये यायचं नाही." आणि हात पुढे केला. किल्लीसाठी.

मी गळ्यातून किल्ली काढली. देणार होते, खरंच. पण बोटं उघडेनात.

"शनिवारपर्यंत," मी म्हणाले. "शनिवारी काका नाही म्हणाले तर मी स्वतः देईन. न मागता."

बाबांनी मान हलवली, नाही अशी. तेव्हा आई बोलली. ती अशा वेळी एकच वाक्य बोलते. "हात माझाही फिरला होता त्या शिंगांवर. राहू दे तिच्याकडे शनिवारपर्यंत."

मी दहा मिनिटं रडले, न्हाणीघरात, नळ सोडून. मग नळ बंद केला. पाणी वाया जात होतं, आणि डोक्यात एक प्रश्न आला होता.

रविवारी संग्रहालयात गेले. बरोबर भोंगा, कारण पैजेचे दोन दिवस बाकी होते आणि दप्तर तिच्याकडे होतं. "रविवारी कसलं गं दप्तर?" ती कुरकुरली. "पैज म्हणजे पैज," मी म्हणाले आणि त्यात चित्रकलेची जाड वही टाकली.

या वेळी कुणी मला डिवचलं नव्हतं. बाईंच्या खोलीचं दार वाजवलं आणि विचारलं, "बाई, कुणालाच लागणार नाही असं शिंग एखाद्या तरी युनिकॉर्नला होतं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी सगळं सांगितलं, वहीच्या पानापासून किल्लीपर्यंत. त्यांनी खणातून चित्रांचा गठ्ठा काढला आणि पत्त्यांसारखा टेबलावर पसरला.

"हा बघ. चीनमधला, चिलिन. हरणासारखं अंग, बैलासारखी शेपूट, कपाळावर एक शिंग. आणि जुन्या वर्णनांत म्हटलंय की त्या शिंगाच्या टोकावर मांस असतं. म्हणून ते कुणाला टोचत नाही. हा इतका हळवा की जिवंत गवतावर पाय देत नाही. पुढे एकदा दूरच्या देशातून जहाजाने जिराफ आला, तेव्हा दरबारी लोक म्हणाले, आला, आमचा चिलिन आला!"

"जिराफाच्या शिंगांवर पण कातडी असते!" भोंगा ओरडली. बाहेरच्या पहारेकऱ्याने आत डोकावून पाहिलं.

शेजारीच दुसरं चित्र होतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीची चौकोनी मुद्रा, तिच्यावर एकशिंगी जनावर, बाजूने दिसणारं. बाई म्हणाल्या, "हा तर त्या ग्रीक वैद्याच्याही कितीतरी आधीचा. काही जण म्हणतात हा साधा बैलच. बाजूने कोरला, म्हणून एक शिंग दुसऱ्यामागे लपलं. काही म्हणतात, छे, एकच शिंग आहे. भांडण अजून मिटलेलं नाही."

"आम्ही बाजूने पाहिलंच नाही," मी म्हणाले. बाईंना ते कळलं नसावं. मला कळलं.

सोमवारपासून शाळा सुटली की मी थेट शेडमध्ये. साचे बनवायला बाबा एक पांढरं रबर वापरतात, पातळ ओततात आणि ते घट्ट होतं. मी पहिलं शिंग सगळंच्या सगळं रबराचं केलं. कपाळावर बसवलं आणि ते हळूहळू वाकत गेलं, वाकत गेलं, आणि नाकावर येऊन पडलं.

आई हसून हसून स्टुलावर बसली. "अगं बये, हा युनिकॉर्न नाही, निकाल घेऊन घरी आलेलं पोर आहे हे!"

मीही हसले, मग ते उपटलं. आत हाड हवं, बाहेर मांस. मंगळवारी फायबरचा बोटभर खुंट केला आणि त्यावर रबर ओतलं, टोकाला अंगठ्याएवढं जाड. लांबी हातभरावरून वीतभर. आणि दिशा बदलली. शिंग पुढे नाही, मागे, आयाळीच्या अंगाला कललेलं. सरळ जाणारी रेघ मी वर्तुळाच्या आत वळवली.

"रंग कसा देशील?" आईने विचारलं. "रबरावर रंग धरत नाही. सोलून निघतो. ओतायच्या आधीच आत मिसळावा लागेल."

मग काय, तीन वाट्यांमधे तीन रंग. बुडाशी पांढरा, मधे काळा, टोकाला लाल. त्या वैद्याने न बघता लिहिलेला.

बाबा तीन दिवस शेडच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून काम करत होते. घासायला काही उरलं नव्हतं तरी घासत होते. बुधवारी मी जुनी भोकं बुजवून नव्या भोकासाठी ड्रिल लावलं, तर मागून हात आला आणि ड्रिल कललं.

"तिरकं पाड. सरळ पाडलंस तर पावसाचं पाणी आत साचेल आणि वर्षभरात कपाळ फुगेल."

"बरं."

"आणि हे लाल टोक? मिरची वाटते."

"अडीच हजार वर्षं जुनी मिरची आहे, बाबा."

ते हसले नाहीत. पण ड्रिलही परत दिलं नाही. सहाही भोकं त्यांनी माझ्याबरोबर पाडली, एक त्यांनी, एक मी.

शनिवारी काका आले. वही नवी होती. चक्र चालू झालं, ते गुडघे टेकणार एवढ्यात मी म्हणाले, "काका, आधी मी."

मी कडेला गुडघ्यांवर उभी राहिले आणि चेहरा पुढे केला, पाळी कधी येते बघणाऱ्या पोरासारखा. एक गेला, दोन गेले, तीन. वर, खाली. सहावा गेला आणि माझ्या चेहऱ्याला फक्त वारा लागला. मागे आईने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मग काका टेकले. त्यांनीही तेच केलं. नंतर चक्र थांबवून प्रत्येक शिंग अंगठ्याने दाबलं, ओढलं, पिळलं, एकाला तर गाल लावून बघितला. त्या वेळी त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की चिमटीने भोंग्याच्या तोंडावर हात ठेवला.

"टोचत नाही," ते म्हणाले. "पण बाळ, हा युनिकॉर्न वाटत नाही. तो पांढरा असतो, लांब शिंगाचा. बागेत लोक विचारतील, मी काय सांगू?"

गेल्या वर्षीची मी असते तर बाबांच्या मागे लपले असते.

"काका, कुठला युनिकॉर्न? गाढव होता तो? बकऱ्याची दाढी असलेला? गेंडा? पांढरं लांब शिंग तर त्याचं नव्हतंच, देवमाशाचा दात होता. प्रत्येकाने त्याला आपल्याला हवा तसा बदलला. कुणाला विष उतरवायचं होतं, कुणाला विकायचा होता. चीनमधल्या लोकांना असा हवा होता की ज्याच्यामुळे कुणाला इजा होणार नाही. आम्हालाही तसाच हवाय, कारण शेजारी पोरं उभी असतात. हे तुम्हीच सांगितलंत ना?"

काकांनी बाबांकडे पाहिलं. "घरी पण अशीच बोलते?"

"आता आता लागलीये," बाबा म्हणाले.

काकांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "सहा युनिकॉर्न. तपासले. योग्य." मग पेन बंद करून म्हणाले, "हे सगळं एका कागदावर लिहून दे. चक्राशेजारी पाटी लावतो. प्रत्येकाला सांगायला मी काही तिथे उभा राहणार नाही."

कुंपणावरून भोंगा जे ओरडली ते चार गल्ल्यांनी ऐकलं असेल.

काका गेले. मैत्रिणींना आईने घरी पिटाळलं. चक्र थांबलं होतं. बाबा एका युनिकॉर्नच्या मानेवर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "चांगलं केलंस. मला नसतं सुचलं. आता मात्र परीक्षा जवळ आली," आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

मी किल्ली काढली, त्यांना दाखवली आणि परत झग्याच्या आत टाकली.

"आई, तूही ऐक. काका नाही म्हणाले असते तर मी किल्ली दिली असती. ते हो म्हणालेत, म्हणून ती माझी. अभ्यास करीन, परीक्षा देईन, भूमितीत पैकीच्या पैकी आणीन. पण रोज संध्याकाळी सहा ते आठ मी शेडमध्ये असेन. मदतीला नाही, कामाला. आणि पुढच्या चक्रावर एक जनावर माझं, खुरांपासून शिंगापर्यंत. तुमच्या घोड्याच्या साच्यातून नाही काढायचं ते. मी गेंडा करणार आहे."

"गेंडा?" बाबांचा हात तसाच पुढे राहिला. "अगं, चिखलात लोळणाऱ्या गेंड्यावर कोण बसणार?"

"आधी आई बसेल, डोळे मिटून. मी शेजारी उभी राहीन, गुडघ्यांवर. आणि तुम्ही चक्र चालू करायचं. ठरलंय माझं."